विवर्धकाचे आकडे आणि श्रोत्याचा कान

जबलपूर हे शहर नर्मदेमुळे आणि भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमुळे सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु ह्या शहराची आणखी एक ओळख असून ती तितकीशी प्रसिद्ध नाही. भारतीय सेनेच्या सिग्नल दलाचे प्रशिक्षण केंद्र येथे आहे. १९४२ साली येथे दूरसंचार प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. भारतरत्न भीमराव आंबेडकर ह्यांचे नाव धारण करणारी संस्था म्हणून ते आजही चालू आहे. १९४७ साली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, आणि १९६४ साली आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले. मनुष्याचा शब्द तारेवरून व लहरींवरून दूर कसा पोहोचवावा, ह्या विद्येचे जबलपूर हे एक जुने पीठ होय. १९५६ पर्यंत हे शहर नागपूर ही राजधानी असलेल्या प्रांतात होते, आणि येथील मराठी कुटुंबांचा संबंध त्या काळापासूनचा आहे.

ह्याच शहराजवळ त्रिपुरी येथे मार्च १९३९ मध्ये काँग्रेसचे ५२ वे अधिवेशन भरले होते. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस तापाने आजारी होते. त्यांचे अध्यक्षीय भाषण त्यांचे बंधू शरच्चंद्र बोस ह्यांनी वाचून दाखविले. त्या दशकात अशा मोठ्या मेळाव्यांतून लाउडस्पीकर ही नित्याची वस्तू होऊन गेली होती. मंडपाच्या शेवटच्या रांगेत बसलेल्या मनुष्याला शब्द ऐकू येतो की नाही, आणि ऐकू आलेला शब्द कळतो की नाही, एवढाच त्या वेळी प्रश्न होता. त्याचे उत्तर शेवटच्या रांगेतील मनुष्यच देऊ शकत होता.

आज हा प्रश्न बराच निराळ्या रीतीने विचारला जातो. शाळेच्या सभागृहासाठी, ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेसाठी किंवा गणेशोत्सवातील गायनासाठी विवर्धक विकत घ्यावयाचा झाला, म्हणजे त्याचे माहितीपत्रक समोर येते. त्यावर इतके वाट शक्ती, इतके शतांश टक्के विकृती, अमुक ते अमुक कंप्रतेपर्यंत सरळ प्रतिसाद, असे आकडे छापलेले असतात. ज्याचा आकडा अधिक शोभिवंत तो विवर्धक अधिक चांगला, असे गृहीत धरून निवड होते. उलट, काही रसिक मंडळी ह्या आकड्यांना मुळीच मान देत नाहीत. ‘कानाला जे गोड लागते ते यंत्राला मोजता येत नाही’ असे त्यांचे म्हणणे असते. ह्या दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. आकडे खोटे नसतात. परंतु ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहेत हे पाहिल्यावाचून त्यांवर विसंबणे चुकीचे ठरते. कानही खोटा नसतो. परंतु त्याची साक्ष कोणत्या परिस्थितीत घेतली हे पाहिल्यावाचून तीही ग्राह्य धरता येत नाही.

विवर्धक काय करतो

विवर्धकाचे काम सांगावयास सोपे आहे. मायक्रोफोनमधून येणारा विद्युत्‌संदेश अत्यंत क्षीण असतो. त्याचा आकार न बदलता त्याला इतके बलवान करावयाचे की, तो लाउडस्पीकरचा पडदा हलवू शकेल. ‘आकार न बदलता’ ह्या शब्दांतच सारी अडचण साठविलेली आहे. कोणताही विवर्धक आकार थोडासा बदलतोच. ह्या बदलाला विकृती असे म्हणतात.

एका शुद्ध स्वराचा संदेश विवर्धकात सोडला असता बाहेर पडणाऱ्या संदेशात मूळ स्वराखेरीज त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंप्रतेचे स्वर मिसळलेले आढळतात. कंप्रता म्हणजे दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या. ह्या पट-स्वरांना संनादी म्हणतात. सर्व संनादींची एकत्रित मात्रा मूळ स्वराच्या किती टक्के आहे हे मोजले की, माहितीपत्रकावरील ‘एकूण संनादी विकृती’ हा आकडा मिळतो.

ह्या आकड्याचा जन्म दूरध्वनीच्या गरजेतून झाला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. शेकडो मैलांच्या तारेवर संदेश क्षीण होत जातो, म्हणून वाटेत एकामागून एक अनेक विवर्धक बसवावे लागतात. प्रत्येकाची विकृती पुढच्याच्या विकृतीत मिसळते आणि शेवटी बोलणे गढूळ होते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे हॅरल्ड ब्लॅक ह्यांनी १९२७ साली ह्यावर ऋण पुनःप्रदायाची युक्ती शोधून काढली. विवर्धकातून बाहेर पडणाऱ्या संदेशाचा काही अंश उलट दिशेने आत आणून मूळ संदेशाशी ताडून पाहावयाचा, आणि जो फरक पडेल तो विवर्धकानेच दुरुस्त करावयाचा, असे तिचे स्वरूप होते. ह्या युक्तीचा उपयोग करून इंग्लंडमध्ये डी. टी. एन. विल्यमसन ह्यांनी १९४७ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ ह्या मासिकात एका विवर्धकाची रचना प्रसिद्ध केली. १५ वाट शक्ती देताना त्याची विकृती एक दशांश टक्क्याहूनही कमी होती. अनेक देशांतील हौशी मंडळींनी तो आपल्या हातांनी बांधला. त्यानंतर हा आकडा लहान करण्याची जी चढाओढ लागली, ती १९७० नंतरच्या दशकात एक सहस्रांश टक्क्याच्या आसपास येऊन पोहोचली.

आकडा शंभर पटींनी लहान झाला. परंतु संगीत शंभर पटींनी चांगले झाले असे कोणत्याही श्रोत्याला वाटले नाही. इतकेच नव्हे, तर ट्रँझिस्टरचे सुरुवातीचे काही विवर्धक उत्तम आकडे दाखवीत असूनही कानाला कर्कश लागत, आणि निर्वात नलिकांचे जुने विवर्धक दसपट वाईट आकडे असूनही सुखद वाटत. ह्याचे कारण काय?

एकाच आकड्यात काय हरवते

पहिले कारण असे की, सर्व संनादी कानाला सारखे लागत नाहीत. एखादा स्वर मोठ्याने वाजत असला की, त्याच्या जवळचे आणि विशेषतः त्याच्या थोडे वरचे लहान स्वर कानाला ऐकूच येत नाहीत. मोठ्या आवाजाने लहान आवाज झाकला जाण्याच्या ह्या गुणधर्माचा पद्धतशीर अभ्यास १९२४ सालापासून होत आलेला आहे. दुसरा संनादी मूळ स्वराच्या बरोबर एक सप्तक वर असतो. तो पुष्कळ अंशी झाकला जातो, आणि ऐकू आलाच तर षड्जाबरोबर तार षड्ज मिसळल्यासारखा वाटतो. सातवा, नववा, अकरावा हे संनादी दूर असतात. ते झाकले जात नाहीत, आणि त्यांपैकी काही सप्तकातील कोणत्याच स्वरस्थानावर बसत नाहीत. म्हणून ते कानाला टोचतात.

बी. बी. सी. चे डी. ई. एल. शॉर्टर ह्यांनी १९५० साली ह्या कारणाने असे सुचविले होते की, प्रत्येक संनादीची मात्रा त्याच्या क्रमांकाच्या वर्गाला चाराने भागून येणाऱ्या संख्येने गुणावी, आणि मग बेरीज करावी. ह्या हिशेबाने दुसऱ्या संनादीचे वजन १, तिसऱ्याचे सव्वादोन, पाचव्याचे सव्वासहा आणि दहाव्याचे २५ होते. समजा, एका विवर्धकात एक टक्का दुसरा संनादी आहे आणि दुसऱ्या विवर्धकात केवळ एक दशांश टक्का दहावा संनादी आहे. माहितीपत्रकावरील आकड्याप्रमाणे दुसरा विवर्धक दहा पटींनी चांगला ठरतो. शॉर्टर ह्यांच्या वजनाने मात्र पहिल्याची विकृती १ आणि दुसऱ्याची अडीच, म्हणजे दुसराच वाईट ठरतो. अशा वजनाची सूचना इतक्या पूर्वी झाली असूनही बाजारात मात्र वजन न केलेला आकडाच टिकून राहिला. २००३ साली अर्ल गेडिस आणि लिडिया ली ह्यांनी श्रोत्यांवर प्रयोग करून पुन्हा हेच दाखविले की, एकूण संनादी विकृतीचा आकडा आणि श्रोत्याला वाटणारा बिघाड ह्यांच्यात विश्वास ठेवण्याजोगा संबंध नाही.

दुसरे कारण मोजणी कोठे केली ह्यात आहे. माहितीपत्रकातील विकृती बहुधा विवर्धक पुऱ्या शक्तीने चालत असताना मोजलेली असते. ट्रँझिस्टरांची एक जोडी संदेशाचा धन अर्धा भाग व ऋण अर्धा भाग वाटून घेते. एकाकडून दुसऱ्याकडे काम सोपविले जाताना शून्याजवळ एक बारीक खाच पडते. संदेश लहान असो वा मोठा, ही खाच जवळजवळ तेवढीच राहते. ती १० मिलिव्होल्टची आहे असे मानू. विवर्धक ८ ओहमच्या लाउडस्पीकरला २० व्होल्ट, म्हणजे ५० वाट, देत असताना ही खाच वीस व्होल्टांच्या मानाने फक्त एक विसांश टक्का असते. परंतु तोच विवर्धक ०.२ व्होल्ट देत असताना तीच खाच पाच टक्के होते. ०.२ व्होल्ट म्हणजे केवळ ५ मिलिवाट. एका वाटाला एक मीटर अंतरावर ९० डेसिबेल ध्वनी देणारा लाउडस्पीकर घेतला, तर ५ मिलिवाटांनी सुमारे ६७ डेसिबेल ध्वनी निघतो. हा आवाज साध्या बोलण्याहून फारसा मोठा नाही. म्हणजे आलापाच्या हळुवार जागी विकृती सर्वांत अधिक, आणि मोजणी मात्र अशा जागी की जेथे ती सर्वांत कमी! येथे आकडा खोटा नव्हता. जेथे गायक गातो तेथे तो घेतलेला नव्हता, एवढेच.

तिसरे कारण वाटांच्या आकड्यात आहे. शक्ती दुप्पट केली तर ध्वनीची पातळी तीनच डेसिबेलने वाढते; आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटावयास शक्ती साधारण दसपट करावी लागते. म्हणून ५० वाट आणि ६० वाट ह्यांतील फरकासाठी अधिक पैसे मोजणे व्यर्थ होय. ह्यातही शक्ती कशी मोजली हे सांगितलेले नसेल, तर आकड्याला अर्थच उरत नाही. क्षणभर मिळणाऱ्या कमाल शक्तीच्या नावाखाली फुगविलेले आकडे छापण्याची प्रथा अमेरिकेत इतकी वाढली की, १९७४ साली तेथील व्यापार आयोगाला अखंड शक्ती व तिच्यासह विकृतीही जाहीर करण्याचा नियम करावा लागला. भारतातही १९९० नंतरच्या दशकात लहानशा टेपरेकॉर्डरवर ‘पी.एम.पी.ओ.’ ह्या अक्षरांपुढे शेकडो वाट छापलेले सर्वांनी पाहिले आहेत.

शब्द, तंबोरा आणि विकृती

विकृती ही सर्वत्र सारखीच अनिष्ट असते, असेही नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ लिक्लायडर ह्यांनी १९४६ साली व त्यानंतर पोलॅक ह्यांच्यासह एक विलक्षण प्रयोग केला. बोलण्याच्या संदेशाचे सर्व उंचवटे त्यांनी इतके छाटून टाकले की, लहरीचा आकार केवळ वर-खाली होणाऱ्या आयतासारखा उरला. मोजणीच्या दृष्टीने ही विकृती प्रचंड आहे. तरीही ऐकणाऱ्यांना बहुतेक शब्द ओळखता आले. आवाज अर्थातच रुक्ष व खरखरीत झाला होता. परंतु अर्थ हरवला नव्हता. दूरध्वनीवर सुमारे ३०० ते ३,४०० कंपनांच्या पट्ट्यात बसविलेले बोलणे नीट कळते, ह्याचेही मूळ कानाच्या ह्याच सामर्थ्यात आहे. त्रिपुरीसारख्या मेळाव्याला जे पुरेसे होते, ते मैफलीला मात्र पुरणार नाही. तंबोऱ्याचा संदेश असा छाटला तर उरतो तो केवळ गोंगाट.

तंबोऱ्याचे उदाहरण आणखी एका दृष्टीने बोधप्रद आहे. चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. तार ज्या बिंदूवर छेडावी त्या बिंदूवर ज्या संनादीचे स्थिरस्थान येते तो संनादी निघू नये, असा पाश्चात्त्य ध्वनिशास्त्राचा नियम आहे. वीणा व तंबोरा हा नियम पाळीत नाहीत, असे रामन ह्यांना आढळले. घोडीचा पृष्ठभाग वक्र असतो, कंप पावणारी तार तिला पुनःपुन्हा स्पर्श करते, आणि त्यामुळे उच्च संनादींचा एक समृद्ध समुदाय सतत उत्पन्न होत राहतो. ह्यालाच कलावंत जवारी म्हणतात, आणि सुताचा बारीक धागा सरकवून ती साधतात.

तारेला जर विवर्धक मानले, तर जवारी ही विकृतीच ठरेल! परंतु ती वाद्याची आहे, वादकाने हेतुपूर्वक साधलेली आहे, आणि संगीताचा भाग आहे. विवर्धकाने आपल्या पदरची जवारी तीत मिसळावयाची नाही. ‘थोडी विकृती गोड लागते’ असे म्हणणाऱ्यांनी हा भेद ध्यानात घ्यावयास हवा. एका तंबोऱ्यावर गोड वाटणारी भर दोन तंबोरे, सारंगी आणि गायकाचा आवाज एकत्र आले की गोड राहत नाही. कारण विकृती केवळ पट-स्वर उत्पन्न करून थांबत नाही; दोन स्वरांच्या कंप्रतांच्या बेरजेचे व वजाबाकीचे असे नवेच स्वर ती निर्माण करते, आणि त्यांचा रागाशी काहीही संबंध नसतो.

कानाचीही परीक्षा हवी

येथवर आकड्यांचे दोष सांगितले. ह्यावरून ‘मग केवळ ऐकून ठरवावे’ असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. कान हे अद्‌भुत इंद्रिय आहे. परंतु ऐकणारा मनुष्य केवळ कानाने ऐकत नाही. यंत्राची किंमत, त्याचे रूप, मित्राचे मत आणि स्वतःची अपेक्षा ही सर्व ऐकण्यात मिसळतात. त्याशिवाय, दोन विवर्धकांपैकी एकाचा आवाज किंचित मोठा असेल, तर तो मोठा म्हणून ओळखू येत नाही. अधिक स्पष्ट, अधिक जिवंत म्हणून आवडतो. दुकानात होणाऱ्या पुष्कळशा तुलना ह्या एकाच कारणाने निरर्थक ठरतात.

१९७८ साली इंग्लंडमध्ये क्वाड ह्या कंपनीच्या तीन विवर्धकांची तुलना करण्यात आली, आणि तिचा अहवाल ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये प्रसिद्ध झाला. एक विवर्धक निर्वात नलिकांचा आणि दोन निरनिराळ्या पिढ्यांतील ट्रँझिस्टरचे होते. आवाजाची पातळी समान ठेवून, कोणता विवर्धक चालू आहे हे श्रोत्यांना न कळू देता ही परीक्षा घेतली गेली. श्रोत्यांची उत्तरे नाणे उडवून येणाऱ्या उत्तरांपेक्षा चांगली ठरली नाहीत. सर्व विवर्धक सारखेच असतात असा ह्याचा अर्थ नव्हे. चांगल्या रीतीने बांधलेले आणि आपल्या शक्तीच्या मर्यादेत चालणारे विवर्धक एकमेकांपासून ओळखणे अतिशय कठीण आहे, एवढाच त्याचा अर्थ होतो. जे भेद डोळे उघडे ठेवून अगदी स्पष्ट वाटतात, ते पडद्याआड पुष्कळदा नाहीसे होतात.

तथापि कानाची तक्रार नेहमीच भ्रमरूप असते असे समजणेही योग्य नाही. ट्रँझिस्टरच्या कर्कशपणाची तक्रार खरी होती. शून्याजवळच्या खाचेने तिचे कारण दाखवून दिले. १९७० साली फिनलंडचे मत्ती ओटाला ह्यांनी अचानक उठणाऱ्या आवाजाच्या वेळी, मंद विवर्धकात अति पुनःप्रदायामुळे उत्पन्न होणाऱ्या विकृतीकडे लक्ष वेधले. त्यांच्या प्रतिपादनावर पुढे बराच वाद झाला. परंतु त्यातून उच्च कंप्रतेवर विवर्धकाचा वेग तपासण्याची रीत दृढ झाली. तक्रार प्रामाणिक परीक्षेला टिकली, म्हणजे मोजणाऱ्याने नवे मोजमाप शोधले पाहिजे. ती टिकली नाही, म्हणजे तक्रार करणाऱ्याने ती सोडून दिली पाहिजे. शास्त्राची प्रगती ह्या उभयपक्षी शिस्तीने होत असते.

दूरध्वनीच्या विद्येचा धडा

ह्या वादात दूरसंचार अभियंत्यांचे उदाहरण सर्वांत उपयुक्त आहे, आणि जबलपूरसारख्या शहराला ते जवळचेही आहे. दूरध्वनीच्या तारेवरील गुणगुण मोजताना अभियंता सर्व गोंगाटाची सरसकट बेरीज करीत नाही. आंतरराष्ट्रीय मानकानुसार तो मापकाच्या आधी एक गाळणी बसवितो. ही गाळणी ८०० ते १,००० कंपनांच्या आसपासचा गोंगाट जवळजवळ जसाच्या तसा मोजते, परंतु विजेच्या तारांतून येणाऱ्या ५० कंपनांच्या गुणगुणीला सुमारे ६० डेसिबेलने कमी लेखते. कारण दूरध्वनीवर ऐकणाऱ्याला त्या गुणगुणीचा उपद्रव तितकाच कमी होतो. मापक तोच राहिला. त्याला कानाची वजने दिली गेली, इतकेच.

पुढे ह्या विद्येने आणखी एक पाऊल टाकले. श्रोत्यांना ठरावीक परिस्थितीत बोलणे ऐकवून १ ते ५ असे गुण देण्यास सांगावयाचे, आणि त्यांची सरासरी हेच गुणवत्तेचे माप मानावयाचे, अशी रीत तिने मानक केली. कानाच्या कार्याचे गणिती प्रतिरूप तयार करून त्या सरासरीचे अनुमान यंत्राकडूनच काढण्याची पद्धती २००१ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारली गेली. येथे ‘आकडा की कान’ असा वाद उरत नाही. आधी पुष्कळ कानांची शिस्तशीर साक्ष घेतली, आणि मग त्या साक्षीशी जुळणारा आकडा शोधला. घरगुती संगीताच्या बाजारात ह्याच्या उलट घडले. मोजावयास सोपा असा आकडा आधी निवडला गेला, आणि कानाने त्याच्याशी जुळवून घ्यावे अशी अपेक्षा धरली गेली.

हाच मार्ग कायद्यानेही पत्करला आहे. फ्लेचर व मन्सन ह्यांनी १९३३ साली निरनिराळ्या कंप्रतांचे स्वर कानाला सारखे मोठे केव्हा वाटतात ह्याचे आलेख काढले. त्यांतूनच ध्वनिमापकाचे ‘ए’ वजन निघाले, आणि भारतातील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी वस्तीसाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल ही जी मर्यादा आहे, ती ह्याच वजनाने मोजली जाते.

संस्थांनी काय करावे

सार्वजनिक संस्थांपुढे हा प्रश्न केवळ रसिकतेचा नसून पैशाचा व विश्वासाचा आहे. शाळेची अल्प रक्कम निरुपयोगी शून्यांवर खर्च झाली, तर ती आवश्यक गोष्टीला उरत नाही. ध्वनीच्या साखळीत विवर्धक हा बहुधा सर्वांत निर्दोष दुवा असतो. लाउडस्पीकर खर्जाच्या स्वरांवर कित्येक टक्के विकृती करतो, आणि त्याचा प्रतिसाद ठिकठिकाणी अनेक डेसिबेलने वरखाली होतो. टणक भिंतींच्या सभागृहात आवाज घुमत राहिला की, एक अक्षर दुसऱ्यावर चढते आणि कोणताही विवर्धक ते सोडवू शकत नाही. आकाशवाणीच्या मध्यम लहरींवरून सुमारे पाच हजार कंपनांच्या वरचे फारसे काही येतच नाही. ते ऐकण्यासाठी वीस हजारांपर्यंत जाणारा विवर्धक घेऊन लाभ होत नाही. म्हणून आधी सभागृहातील घुमारा पडदे व मऊ आच्छादने लावून कमी करावा, मग लाउडस्पीकर निवडावा व योग्य जागी टांगावा, आणि शेवटी विवर्धकाचा विचार करावा. विवर्धकाविषयी विचारावयाचे ते एवढेच, की त्याची अखंड शक्ती किती, लहान आवाजात विकृती किती, आणि कोणत्या क्रमांकाचे संनादी त्यात आहेत. ज्या विक्रेत्याला ह्या प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत, त्याच्या उरलेल्या आकड्यांना महत्त्व देण्याचे कारण नाही.

विद्यार्थ्यांना ही गोष्ट प्रयोगानेच पटविता येईल. एकच लाउडस्पीकर, दोन विवर्धक आणि एक व्होल्टमापक एवढे साहित्य पुरे. एक स्थिर स्वर सोडून दोन्ही विवर्धकांचा व्होल्टदाब एक टक्क्याच्या आत समान करावा. दोन्ही यंत्रे पडद्याआड ठेवावीत. नाणे उडवून प्रत्येक वेळी कोणता विवर्धक लावावयाचा हे ठरवावे, आणि श्रोत्याला सोळा वेळा उत्तर लिहावयास सांगावे. सोळांपैकी बारा किंवा अधिक उत्तरे केवळ योगायोगाने बरोबर येण्याचा संभव शंभरात सुमारे चार इतकाच आहे. तेवढी आली, तर भेद खरा मानून त्याचे कारण मोजणीत शोधावे. न आली, तर स्वस्त विवर्धक घ्यावा. त्यानंतर आणखी एक प्रयोग करावा. ‘आता विवर्धक बदलला’ असे मोठ्याने सांगावे, परंतु बदलू नये, आणि किती श्रोत्यांना फरक ऐकू आला ते मोजावे. ह्या दुसऱ्या प्रयोगाने विद्यार्थ्याला विवर्धकापेक्षा स्वतःविषयी अधिक ज्ञान होईल.

‘संगीताचा आनंद मोजता येत नाही’ असा आक्षेप ह्यावर घेतला जातो. तो खराच आहे. परंतु तो येथे लागू पडत नाही. आनंद गायकाच्या गळ्यातून आणि श्रोत्याच्या अंतःकरणातून उत्पन्न होतो. विवर्धक हा त्या दोघांमधील केवळ वाहक आहे. वाहकाने काय वाढविले आणि काय गाळले हे मोजता येते, आणि मोजलेच पाहिजे. मात्र मोजणाऱ्याने कोणासाठी मोजतो आहोत हे विसरता कामा नये. शेवटच्या रांगेतील मनुष्याला शब्द कळला की नाही, आणि हळुवार आलाप त्याच्यापर्यंत अखंड पोहोचला की नाही, ह्या प्रश्नांचे उत्तर देणारा आकडा तोच विवर्धकाचा खरा आकडा होय.